आधी जेडकॉम तपासा, मग सॉफ्टवेअर निवडा
आठशे नावांची वंशावळ एक्सेलमध्ये आहे, ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावी, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर बहुतेकांनी दिसायला छान असलेली सॉफ्टवेअर सुचवली आहेत. मी आधी एकच बघेन: माहिती जेडकॉम (GEDCOM, म्हणजे वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीचा ठरलेला फाइल-प्रकार) फाइलमध्ये बाहेर काढता येते का? येत नसेल तर त्या सॉफ्टवेअरबद्दल पुढचं वाचूच नका. मात्र जेडकॉमच्या अजून सर्रास चालणाऱ्या ५.५.१ आवृत्तीत फोटो फाइलबरोबर जात नाहीत, फोटो कुठे ठेवलाय एवढा पत्ताच जातो. फोटोंचं फोल्डर वेगळं जपा.

मी ग्रॅम्प्स (Gramps) हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, माहिती आपल्याच संगणकावर राहते. पहिले दोन दिवस मात्र डोकं धरून बसलो होतो! आजोबा टाकले, वडील टाकले, पण रेघ काही जुळेना. मग कळलं, तिथे माणूस माणसाला थेट जोडत नाहीत. मध्ये ‘कुटुंब’ नावाची स्वतंत्र नोंद लागते. आईवडील त्या नोंदीत, मुलंही त्यातच. दुसरं लग्न म्हणजे दुसरं कुटुंब, त्यामुळे सावत्र भावंडांचा घोळ आपोआप सुटतो.

तारीख नक्की माहीत नसेल तर १ जानेवारी ठोकून देऊ नका. ‘१९२० च्या सुमारास’, ‘१९३५ पूर्वी’ असं लिहिता येतं. आणि हे कुणी सांगितलं, तेही तिथेच नोंदवा.

आठशे नावं एकदम ओतू नका. आधी दहाबारा जणांची एक शाखा टाका, तिची जेडकॉम फाइल बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर तेव्हाच कळलेलं बरं.