राउटरला लावलेला जुना डायल-अप मोडेम, याचा पासवर्ड नक्की असतो कुठे?

घाटाखालचा: नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेच्या तालुक्याच्या शाखेत सिस्कोचा जुना राउटर आहे, त्याच्या ऑक्स पोर्टला (मोडेम लावायच्या जादाच्या सॉकेटला) एक एक्स्टर्नल मोडेम लावलाय. मेन लाइन पडली की पुण्याहून फोन लावून राउटरमध्ये शिरता यावं म्हणून आधीच्या व्हेंडरने बसवलेला. व्हेंडर बदलला, मोडेम तसाच राहिला, लँडलाइनचं बिलही दर महिन्याला भरतोय. परवा ऑडिटवाले आले आणि विचारलं, या डब्याचा पासवर्ड कोणाकडे? कोणाकडेच नाही. मी मोबाइलवरून तो नंबर लावून बघितला तर एका रिंगमध्ये उचलला आणि कानात ती शिट्टी!! मोडेमला स्वतःचा पासवर्ड असतो का राउटरला असतो? रीसेट मारला की सगळं पुसलं जातं का? आणि प्लीज फेकून द्या म्हणू नका, मॅनेजरसाहेबांना बॅकअप पाहिजेच आहे, नाहीतर लाइन गेली की क्लार्कला फोनवर "हिरवा दिवा लागलाय का, नाही, डावीकडचा" असं विचारत बसावं लागतं.

खटपट्या: साध्या मोडेमला पासवर्ड बिसवर्ड काही नसतो हो. बेल वाजली की दार उघडणारा गडी आहे तो, कोण आलंय ते बघत नाही. काही मॉडेलमध्ये पासवर्ड आणि कॉलबॅकची (फोन ठेवून ठरलेल्या नंबरला उलटा फोन करायची) सोय असते पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती करताना कंपनीचा छापील पासवर्ड बदलायचा राहूनच जातो.

पण मोडेममध्ये काही साठवलेलं नसतं असं समजू नका. लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल केबलने जोडा, पुटी (टाइप करून मोडेमशी बोलायचा प्रोग्रॅम) उघडा, एटी&व्ही मारा. चालू सेटिंग, सेव्ह केलेली प्रोफाइल आणि खाली साठवलेले फोन नंबर, सगळं उघडं दिसतं. मी एका ऑफिसात बघितलंय, पहिल्या खणात हेड ऑफिसचा नंबर आणि दुसऱ्या खणात लँडलाइनचं एसटीडी लॉक उघडायचा कोड, चक्क! लॉक कशाला घेतलं होतं मग. आणि रीसेटचं म्हणाल तर एटी&एफने फक्त चालू सेटिंग फॅक्टरीचं होतं, &डब्ल्यू दिल्याशिवाय सेव्ह होत नाही, वीज गेली की जुनं परत हजर. खणातले नंबर तर त्याने गेलेच नाहीत, एटी&झेड०= देऊन पुढे काही न लिहिता एंटर मारलं तेव्हा गेले, मग &झेड१=, असा एकेक खण रिकामा केला.

रात्रपाळी: खरा पासवर्ड राउटरच्या कॉन्फिगमध्ये, शो रन (चालू कॉन्फिग दाखवायची कमांड) करून लाइन ऑक्स ० आणि युजरनेमच्या ओळी बघा. पासवर्डच्या आधी ७ आकडा असेल तर तो पासवर्ड उघडाच आहे असं समजा, ती चावी सगळ्या राउटरमध्ये एकच आहे आणि सेकंदात उलटा करून देणारे पेज नेटवर ढिगाने आहेत. सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन ही कमांड लावून (तो ७ त्यानेच येतो) निवांत झोपणारे लोक मी बघितलेत. पासवर्ड या शब्दाऐवजी सिक्रेट वापरा, म्हणजे निदान ५ दिसेल, तो असा उलटा करता येत नाही. आणि लॉगिन लोकल ठेवा (राउटरमधलंच युजरनेम विचारायचं), प्रत्येकाला वेगळं युजरनेम, नाहीतर माणूस सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदलत बसायचं.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. मोडेममध्ये &सी१ आणि &डी२ आहे का बघा, म्हणजे फोन तुटला की राउटरला कळतं आणि राउटरने सोडलं की मोडेम फोन ठेवतो. &सी० असेल तर समोरच्याने फोन आपटला तरी कॅरियर (समोरून येणारा सिग्नल) आहे असंच मोडेम राउटरला सांगत राहतो, राउटरला वाटतं माणूस अजून आत आहे. मग पुढचा कोणीही फोन लावतो आणि आधीचा माणूस # च्या प्रॉम्प्टवर (म्हणजे पूर्ण अधिकारात) असेल तर पासवर्ड न विचारता थेट तिथेच. त्यात कोणीतरी एक्झेक-टाइमआउट ० ० (कितीही वेळ गप्प बसला तरी बाहेर काढायचं नाही) करून ठेवलं असेल तर बघायलाच नको. ई० आणि क्यू१ (मोडेमचं उलट बोलणं बंद) पण द्या, नाहीतर राउटर आणि मोडेम एकमेकांना उत्तरं देत बसतात.

शेंगदाणा_चिक्की: एवढं कशाला, फोनची वायर काढून ठेवा, लाइन पडली की क्लार्कला लावायला सांगा. हिरव्या दिव्यापेक्षा सोपं आहे.

रात्रपाळी: @शेंगदाणा हसू नका कोणी, हे बरोबर आहे. पतसंस्था रात्री बंदच असते.

घाटाखालचा: सगळ्यांचे आभार. आज शाखेत जाऊन आलो. एनेबलचा (पूर्ण अधिकाराचा) पासवर्ड कोणाकडेच नव्हता म्हणून दुपारच्या सुट्टीत कन्सोलवरून रजिस्टर २१४२ करून (म्हणजे राउटर सेव्ह केलेलं कॉन्फिग न वाचता सुरू होतो) आत शिरलो, नंतर आठवणीने नेहमीचं २१०२ केलं. आता ऐका. कॉन्फिगमध्ये कॉलबॅक लावलेला होता, म्हणजे राउटरने फोन ठेवून ठरलेल्या नंबरला उलटा फोन करायचा. तो नंबर सात आकडी! पुण्याचे नंबर आठ आकडी होऊन किती वर्षं झाली, म्हणजे हा कॉलबॅक तेव्हापासून कोणाला लागलेलाच नाही. मग व्हेंडर आत कसा यायचा? तर खाली दुसरं युजरनेम, त्याला कॉलबॅक नाही, पासवर्ड ७ वाला. उलटा केला तर आमच्या तालुक्याचं नाव आणि पुढे १२३.

दोन्ही युजर उडवले, मोडेम &सी० वरच होता तो बदलून &डब्ल्यू मारला. वायर काढून राउटरवर सेलोटेपने चिकटवून ठेवलीये. क्लार्क मॅडमनी विचारलं, दिवा आता कुठला बघायचा?

खटपट्या: ओएच (ऑफ-हुक) लिहिलेला. तो लागला म्हणजे मोडेमने फोन उचललाय. वायर लावायला तुम्ही सांगितलेलं नसताना लागलेला दिसला तर आधी तुम्हाला फोन करायला सांगा.