अनुभव धागा: दुचाकीवाल्यांची एकजूट कधी पाहिलीय का?

खडखडाट
काल फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड, "१५ जुलैपासून दुचाकींनाही टोल". अरे ही आवई २०२५ च्या जूनमधली, गडकरींनी तेव्हाच असं काही नाही म्हणून सांगून टाकलं होतं तरी दर थोड्या दिवसांनी उगवतेच. पण गंमत म्हणजे आमच्याकडे उकडीचे मोदक हाताने की साच्याने यावर ज्यांचं एकमत होत नाही ते काका, मेव्हणा, आत्तेबहीण सगळे एका सुरात "नाक्यावर गाड्या आडव्या लावू" म्हणायला लागले आणि मला २०१९ चा जानेवारी आठवला.

१ तारखेपासून पुण्यात हेल्मेटसक्ती, ५०० रुपये दंड. आमच्या ऑफिसातले अकाउंट्सवाले काका, रिटायरमेंटला टेकलेले, जन्मात कुठल्या मोर्चाला गेले नव्हते, ते हाफ डे टाकून हेल्मेटविरोधी कृती समितीच्या रॅलीला निघाले. पगडी घालून. मी मागे बसलो, फुकट करमणूक म्हणून. घोषणा वगैरे ठीकच होत्या पण मला आवडलं ते त्या महिन्यात रस्त्यावर जे चाललेलं ते. समोरून येणारा कोण कुठला माणूस, डोक्यावर टपली मारून दाखवायचा, म्हणजे पुढे ट्रॅफिक पोलीस मामा उभे आहेत, गल्लीत घाल. एरवी जो मला कट मारून शिव्या देऊन गेला असता तो! जूनमध्ये आमदार मुख्यमंत्र्यांना भेटले आणि शहरातल्या आतल्या रस्त्यांवरची कारवाई थांबवायला सांगितलं गेलं, कॅमेऱ्याचं चलान मात्र चालूच राहिलं. जिंकलो का हरलो ते काकांनाही सांगता येत नाही.

तर तुमचे असे अनुभव लिहा. हेल्मेट, पार्किंग, खड्डे, बंदी, काहीही. फक्त हेल्मेट चांगलं की वाईट यावर भांडून धाग्याचं काश्मीर करू नका प्लीज.

तिखटमीठ
काश्मीर होणारच 😀 पॉपकॉर्न घेऊन बसले आहे

वॉर्ड_नंबर_नऊ
मी न्यूरोसर्जरीत नर्स आहे. रॅली गमतीची वाटते लिहायला. आमच्याकडे येतात त्यांच्यात पगडीवालं कोणी नसतं, पंचविशीतली पोरं असतात, आणि बाहेर बाकावर आई बसलेली असते. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट घालायचं कलम १२९ आहे १९८८ पासून, सूट आहे ती पगडीधारी शिखांना, पुणेरी पगडीला नाही. हक्क हक्क करताना एवढंच बघा. बाकी चालू द्या, नाइट आहे, परत येणं होणार नाही.

खडखडाट
ताई पटतंय. मी आता घालतो. काका अजून नाही घालत.

एक_सातारकर
आमच्याकडे वेगळं झालेलं. मित्राने गाडी बुक केली तर शोरूमवाला हेल्मेटचे पैसे वेगळे लावायला लागला. आमच्यातला एक वकिलीला होता त्याने मोटार वाहन नियमांतला नियम १३८ दाखवला, गाडी विकताना हेल्मेट कंपनीनेच द्यायचं असतं. शोरूमवाला म्हणतो "असा नियम आमच्याकडे नाही" 😂 नियम काय शोरूमप्रमाणे असतात काय. मग आम्ही गावातले सगळे ज्यांनी तिथून गाड्या घेतलेल्या, पावत्या घेऊन शनिवारी त्याच्या दारात जाऊन बसलो, घोषणा नाही काही नाही, नुसतं बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. चहा आणला त्याने आधी. मग मालक आला. त्या दिवसानंतर बुकिंगला हेल्मेट मिळायला लागलं, दर्जा विचारू नका, मी त्यात कांदे ठेवतो

तिखटमीठ
कांदे 🤣🤣 दंडवत घ्या

माण्डवीकाठ
आमच्या गोंयचो अनुभव सांगतो, मराठीतच लिहितो. चोडण, दिवाडी या नदीतल्या बेटांवर जायला फेरीबोट. पायी माणूस आणि दुचाकी फुकट, गाडीला तिकीट, हे वर्षानुवर्षं असंच. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारने ठरवलं दुचाकीला १० रुपये आणि पास दीडशे रुपये महिना. तुम्हाला वाटेल १० रुपयाचं काय एवढं. अहो दिवाडीच्या माणसाला दूध, दवाखाना, नोकरी, पोरांची शाळा सगळं नदीपलीकडे, दिवसातून दोनतीन फेऱ्या सहज होतात, पूल नाही, ती फेरी म्हणजे आमचा रस्ताच. रस्त्यावर चालायचे पैसे कोण देतो? रायबंदरच्या धक्क्यावर रोज हीच चर्चा, बोटीत इंजिनाच्या आवाजात ओरडून ओरडून. माझी मावशी जी सरकारविरुद्ध चकार शब्द काढत नाही ती पण चिडली. एवढा विरोध झाला की मुख्यमंत्र्यांनी ते बाजूला ठेवलं. त्या बोटीत चर्चवाले, देवळावाले, दोन्ही पार्ट्यांचे, सगळे एकत्र बघितले मी, निवडणुकीला नाही दिसत असं.

पायलट लोकांबद्दल पण लिहायचं होतं, पिवळ्या मडगार्डवाले, त्यांची एकी तर विचारूच नका, स्टँडवर दुसऱ्याने नंबर मोडून भाडं घेतलं तर बघा काय होतं. पण आता निघतो, बोट लागली.

घाटकोपरकर
पायलट म्हणजे विमानाचे का??

माण्डवीकाठ
मोटारसायकल टॅक्सी हो. पोस्टातल्या माणसापेक्षा त्यांना जास्त घरं माहीत.

घाटकोपरकर
हा हा सॉरी. बरं माझं. मुंबईत दुचाकीवाल्याला कुठे जायचीच परवानगी नाही हे लक्षात आलंय का कोणाच्या? सी लिंक नाही, जेजे फ्लायओव्हर २०१० पासून नाही, कोस्टल रोड नाही, अटल सेतू नाही, एक्सप्रेस वे नाही, समृद्धी नाही. म्हणजे चांगला रस्ता बांधला की पहिली पाटी आमच्यासाठी. आणि खालच्या रस्त्याला जे खड्डे ते पण आमच्यासाठीच. मान्य आहे वरती वारा असतो, वेग असतो, अपघात झालेत, जेजेच्या वळणांवर झालेतच. पण टॅक्स भरतो ना? आम्ही बायकर ग्रुपने एकदा सह्यांचं निवेदन द्यायचं ठरवलं, तर अर्धे जण म्हणाले आधी नाश्ता करू, मग खोपोलीला वडापाव खाल्ला, मग लोणावळ्याला चिक्की घेतली, निवेदन अजून माझ्या टँक बॅगेत आहे. ही आमची एकजूट.

तिखटमीठ
खोपोलीत कुठे वडापाव? नाक्यावरचा की घाट चढायच्या आधी?

घाटकोपरकर
घाट चढायच्या आधी. चटणी सुकी मागायची.

एक_सातारकर
चटणी कोरेगावला खाऊन बघा एकदा मग बोला

लेस्टरवासी
इथे इंग्लंडात आल्यावर बाइक घेतली तेव्हा एमएजी नावाच्या संघटनेबद्दल कळलं, मोटरसायकल अ‍ॅक्शन ग्रुप. १९७३ ला हेल्मेट सक्तीचं झालं त्यातून सुरू झालेली. त्यांचा एक फ्रेड हिल म्हणून म्हातारा होता, दुसऱ्या महायुद्धात मोटरसायकलवरून निरोप पोचवायचा, नंतर मास्तर. हेल्मेट घालणार नाही, दंडही भरणार नाही, मग तुरुंग. परत बाहेर, परत बेरे टोपी घालून बाइकवर, परत तुरुंग, असं कितीदा तरी. १९८४ च्या फेब्रुवारीत पेंटनविल तुरुंगात असतानाच वारला, चौऱ्याहत्तर वर्षांचा. अजून त्याच्या नावाने राइड निघते, मी थंडीत कुडकुडत बघायला गेलेलो आणि मजा म्हणजे जमलेल्या जवळपास सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट! विचारलं एकाला, तर म्हणाला मी रोज घालतो, पण घाल म्हणून सांगणारा तू कोण. असले लोक फक्त पुण्यात असतात असं मला वाटायचं.

या लोकांनी बाकीचीही कामं केलीत, बसच्या लेनमधून बाइक जाऊ द्या म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले, लंडनमध्ये आधी ट्रायल झाली मग २०१२ पासून मोठ्या रस्त्यांवरच्या बहुतेक बसलेन बाइकला कायमच्या खुल्या. मला हे जास्त भारी वाटलं. टोपीपेक्षा.

खडखडाट
वा, काकांना फ्रेड हिलबद्दल सांगतो. नको, नाही सांगत.

पेठेतली_सून
बाइकांचा धागा म्हणून वाचत नव्हते पण आमच्याकडेही झालंय. सोसायटीत कमिटीने ठरवलं की स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, फक्त चारचाकी, दुचाक्या बाहेर रस्त्यावर लावा. का तर कार काढताना स्क्रॅच पडतात. आता दुचाकी कोणाच्या? आम्हा बायकांच्या, कॉलेजच्या पोरांच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची जुनी स्कूटर. पावसात सीट भिजलेली, पेट्रोल चोरीला, एकदा माझा आरसाच गायब. मग हळदीकुंकवाला विषय निघाला आणि तिथेच ठरलं, मेंटेनन्स सगळ्या सारखा भरतो तर जागा पण सारखी. सर्वसाधारण सभेला एरवी कोरम होत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. सेक्रेटरी म्हणाले वहिनी तुम्ही पण?? त्यांच्या बायकोने आमच्या बाजूने हात वर केला 😌 तिची पण अ‍ॅक्टिव्हा आहे ना. आता पांढरे पट्टे मारून दुचाकींची रांग आहे

तिखटमीठ
सेक्रेटरींच्या घरी त्या रात्री काय जेवण झालं असेल

पेठेतली_सून
मुगाची खिचडी. मला माहितीये 😂

धुळ्याचा_संज्या
खड्ड्यावरून लिहितो. भाऊ पडला मागच्या पावसाळ्यात, पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही, कॉलरबोन गेलं. पोलिसात गेलो तर गाडी हळू चालवायची होती म्हणे. आम्ही डिलिव्हरीवाली पोरं आहोत सगळी, एक दिवस पाय मोडला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, सुट्टी वगैरे नसते. ग्रुपवर आता खड्ड्याचं लोकेशन टाकतो आम्ही, कुठे नवा पडला की फोटो, रात्री त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतो. ऑक्टोबर २०२५ ला हायकोर्टाने सांगितलंय ना, खड्ड्याने मेला तर सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख. ते कसं मागायचं कोणाला माहितीये का, अर्ज कुठे करतात?

लेस्टरवासी
भावाची तब्येत कशी आहे आता?

धुळ्याचा_संज्या
बरा आहे. हात वर जात नाही पूर्ण. गाडी चालवतो पण.

एक_सातारकर
संज्या भाऊ माझा तो वकील मित्र आहे ना त्याला विचारतो. दवाखान्याची कागदं, खड्ड्याचे फोटो तारखेसकट, आणि पोलिसात गेल्याचं काही लेखी असेल तर सगळं एका फायलीत लावून ठेव. नसेल लेखी तर आधी ते माग. व्यनि (खासगी मेसेज) करतो.

धुळ्याचा_संज्या
फोटो आहेत. खूप आभार दादा

माण्डवीकाठ
पलीकडे पोचलो. फांदी खोचायची ते आमच्याकडेपण करतात, माडाचं झावळं लावतात, लांबून दिसतं.

घाटकोपरकर
कोणाला हेल्मेटच्या आतलं अस्तर बदलून देणारा माहितीये का मुंबईत? धुऊन धुऊन फोम गेलाय, नवीन घ्यायची इच्छा नाही

तिखटमीठ
सातारकरांकडून एक घ्या. कांदे काढून.