एच-१बी आणि एक लाख डॉलर : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-२०३ : अमेरिकेने एच-१बीवर, म्हणजे कुशल परदेशी माणसाला तिथे नोकरीवर ठेवायच्या व्हिसावर, एक लाख डॉलर फी लावली म्हणून आपल्याकडे केवढी बोंब! त्यांचा देश, त्यांच्या नोकऱ्या. स्वस्तातली माणसं आणायची आणि स्वतःच्या पोरांना घरी बसवायचं, हे कुठलं सरकार चालवून घेईल?

बी-४०२ : काका, नोकऱ्या वाचवायला कुणाचीच ना नाही. पण ही फी बसते कुणावर ते बघा. २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या पिटिशनवर (माणसासाठी कंपनीने करायचा व्हिसाचा अर्ज), आणि मुख्यतः माणूस अमेरिकेबाहेर असेल तर. तिथेच शिकून एफ-१ वरून (विद्यार्थी व्हिसा) एच-१बीवर जाणारे, मुदतवाढ मागणारे, कंपनी बदलणारे यांना ती लागत नाही. यूएससीआयएसने (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) २० ऑक्टोबर २०२५ ला तसं स्पष्ट केलं. यात एक खाच आहे : स्टेटस (तिथे कुठल्या व्हिसा-प्रकारात राहतो ते) बदलायचा अर्ज मंजूर होण्याआधी माणूस देशाबाहेर गेला, किंवा अर्जाच्या वेळी त्याचं स्टेटस वैध नव्हतं असं निघालं, की फी लागू.

डी-६०४ : पण ताई, बाजारभावाचा पगार देणं कायद्यानेच सक्तीचं आहे ना? मग माणूस स्वस्त पडतो कसा?

बी-४०२ : सगळी गोम तिथेच आहे. लेबर डिपार्टमेंट प्रत्येक व्यवसायाचे, प्रत्येक भागाचे चार वेतनस्तर काढतं. त्या भागात तेच काम करणारे शंभर जण पगाराप्रमाणे खालून वर उभे केले, तर पहिला स्तर म्हणजे १७ वा माणूस, दुसरा ३४ वा, तिसरा ५० वा, चौथा ६७ वा. म्हणजे पहिले दोन्ही स्तर मध्यापेक्षा खाली, आणि तरी कायदेशीर! स्तर ठरवते कंपनी. एलसीए (पगार आणि कामाची माहिती देणारा, लेबर डिपार्टमेंटकडे आधी करायचा कंपनीचा अर्ज) ७ कामाच्या दिवसांत मंजूर होतो, कारण फॉर्म पूर्ण आहे का आणि उघड चूक दिसते का, एवढंच तपासतात. सहा वर्षं अनुभव असलेल्याचं काम 'नवशिक्याचं' म्हणून दाखवलं, तरी त्या टप्प्यावर कुणी विचारत नाही.

सी-२०३ : मग स्तरच वर न्या की.

बी-४०२ : नेले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये ४५, ६२, ७८, ९५ केले. पण हरकती न मागवता, एका फटक्यात. डिसेंबरमध्ये कोर्टांनी रद्द केलं. जानेवारी २०२१ मध्ये थोडे उतरवून ३५, ५३, ७२, ९० आणले, तेही जूनमध्ये गेले. कल्पना वाईट नव्हती, घाई नडली. माझ्या मते ३५ चा तळ चालला असता. नुकत्याच पास झालेल्याला ४५ वा म्हणजे जरा जास्तच.

ए-७०१ : ताई, ६०,००० ची पळवाट राहिली. ज्यांचे १५ टक्के किंवा जास्त कर्मचारी एच-१बीवर असतात (५१ वा त्याहून जास्त माणसांच्या कंपनीत), त्या 'एच-१बी अवलंबित' ठरतात. त्यांना दोन जास्तीच्या हमी द्याव्या लागतात : आधी स्थानिक माणूस शोधला, आणि अर्जाच्या आधी-नंतरच्या ९० दिवसांत कुणा अमेरिकनाला काढून त्याच्या जागी हा बसवला नाही. पण त्या माणसाचा पगार वर्षाला ६०,००० डॉलर असेल किंवा त्याच विषयातली मास्टर्स असेल, तर दोन्ही हमी माफ! हा आकडा १९९८ चा. महागाई धरली तर आज साधारण दुप्पट हवा होता. आयटीत ६०,००० च्या वर बहुतेक जण जातात, म्हणजे ती हमी कागदावरच राहिली.

सी-२०३ : म्हणजे माझंच बरोबर. डिस्नेत हेच झालं होतं.

ए-७०१ : हो काका, तुमचा राग योग्य जागी आहे. २०१५ मध्ये ओरलँडोत आयटीतल्या लोकांना काढलं आणि जाण्याआधी बदली आलेल्यांना शिकवायला लावलं. त्याच सुमारास सदर्न कॅलिफोर्निया एडिसनमध्येही. पण गंमत बघा, काढणारी कंपनी एक आणि व्हिसा घेणारी आउटसोर्सिंग कंपनी दुसरी. कायदा प्रश्न विचारतो व्हिसा घेणाऱ्याला, आणि त्याला हमीतून सूट मिळाली की काढणारा क्लायंट नामानिराळा. एक लाखाची फी या भोकाला हातसुद्धा लावत नाही.

ई-१०५ : पण जागांपेक्षा मागणी जास्त म्हणून व्हिसासाठी जी लॉटरी काढतात, ती आता बदलली ना? जास्त पगाराला जास्त चिठ्ठ्या.

बी-४०२ : हो, २७ फेब्रुवारी २०२६ पासून. चौथ्या स्तराचं नाव चार वेळा, तिसऱ्याचं तीन, दुसऱ्याचं दोन, पहिल्याचं एकदा. जागा त्याच : ६५,०००, वर अमेरिकन मास्टर्सच्या २०,०००. आंधळ्या चिठ्ठीपेक्षा हे बरं. तरी फट आहे, कारण स्तर स्थानिक आकड्यावर ठरतो. सॅन होजेत जो पगार तळाचा, तोच छोट्या शहरात वरच्या स्तरावर जातो. त्यामुळे कामाचं ठिकाण तिकडचं दाखवायचा मोह होणार. दुसरी फट व्यवसायाच्या कोडची. 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' आणि 'सिस्टम्स अॅनालिस्ट' यांचे वेतनतक्ते वेगळे, काम पुष्कळदा तेच. एक मात्र नीट केलंय : एकाच माणसासाठी अनेक कंपन्यांनी नोंदणी केली, तर त्यातला सगळ्यात खालचा स्तर धरतात.

ई-१०५ : अनेक नोंदण्यांचा घोळ मिटला का?

बी-४०२ : बराचसा. आर्थिक वर्ष २०२४ साठी ७,५८,९९४ पात्र नोंदण्या होत्या आणि त्यातल्या ४,०८,८९१ एकाहून जास्त नोंदणी असलेल्यांच्या. नोंदणी फक्त १० डॉलरची, मग काय! पुढच्या वर्षी चिठ्ठी कंपनीच्या अर्जाची नाही तर माणसाची काढायला लागले, आकडा ४,७०,३४२ वर आला. त्यानंतर फी २१५ डॉलर झाली आणि ३,४३,९८१. नियम नेमका असला की गुण असा येतो.

डी-६०४ : तिथल्या नव्या पदवीधरांना नोकरी मिळत नाही, ते या एच-१बीमुळेच?

ए-७०१ : त्यांच्यासाठी ओपीटीकडे (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) बघायला हवं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. परदेशी विद्यार्थ्याला १२ महिने, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर वर २४. त्याला किमान पगाराची एच-१बीसारखी अट नाही. त्यात पहिली पाच कॅलेंडर वर्षं एफ-१ वाल्यावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर नाही. कंपनीचे ७.६५ टक्के वाचले, त्याचेही तेवढेच. दोन सारख्या गुणांची मुलं समोर असतील तर अमेरिकन मुलगा कंपनीला तेवढा जास्त महाग पडतो. ही सूट काढायला भिंत बांधावी लागत नाही. करकायद्यात दुरुस्ती पुरते.

सी-२०३ : हे माहीत नव्हतं. पण आपली माणसं कमी पगारावर राबतात हे तर खरं?

बी-४०२ : राबतात, कारण पाय अडकलेला असतो. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. एच-१बीची सहा वर्षं संपली तरी आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर असेल तर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. कंपनी बदलताही येते, रांगेतली तारीख टिकते. पण पर्मची (स्थानिक माणूस मिळत नाही हे आधी दाखवायची प्रक्रिया) जाहिरातबाजी आणि नवा आय-१४० पुन्हा पहिल्यापासून. नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवस. मालकाला हे सगळं माहीत असतं, तो पगारवाढ कशाला देईल? आणि शेजारच्या अमेरिकनाचा पगारही त्याच भावाने दबतो. परदेशी माणसाला नोकरी सोडायची सोय देणं हेच स्थानिकाचं संरक्षण आहे, आणि नेमकं हेच कुणी मागत नाही.

ई-१०५ : डर्बिन आणि ग्रासली या सिनेटरांचं एच-१बी सुधारायचं विधेयक आहे ना, त्यात काय आहे?

ए-७०१ : २००७ पासून येतंय आणि अडकतंय. तक्रारीची वाट न बघता तपासणीचे अधिकार, सगळ्यांनाच आधी स्थानिक शोधायची सक्ती, निम्म्याहून जास्त लोक व्हिसावर असतील तर नवे नाहीत. एल-१ वरही (कंपनीच्याच परदेशी शाखेतून माणूस बदलीवर आणायचा व्हिसा) लगाम. तो हवाच. एल-१ ला आज संख्येची मर्यादा नाही, पगाराचा तळही नाही. एच-१बी आवळला आणि एल-१ मोकळा ठेवला तर मोठ्या कंपन्या तिकडून येतील, नाहीतर कामच बाहेर पाठवतील. बाहेर केलेल्या संशोधनाचा खर्च १५ वर्षांत विभागून दाखवावा लागतो, हा एक कराचा अडसर.

डी-६०४ : एक व्यवहाराचं विचारते. कंपनीने आपल्याला कुठल्या स्तरावर दाखवलंय हे कसं कळणार?

बी-४०२ : एलसीएची प्रत मागायची, ती द्यावीच लागते. फॉर्म ईटीए-९०३५ वर व्यवसायाचा कोड, वेतनस्तर, कामाचं ठिकाण सगळं असतं. एलसीए दाखल झाल्यावर एका कामाच्या दिवसात कंपनीला सार्वजनिक फाइल तयार ठेवावी लागते आणि ती कुणीही बघू शकतं. त्यात देऊ केलेला पगार आणि प्रचलित वेतनाचा आधार असतो. वेतनतक्ता दर १ जुलैला बदलतो, म्हणून एलसीएच्या तारखेचाच तक्ता बघा, आजचा नको. बेंचवर (काम न देता) बसवलं तरी पगार चालूच राहायला हवा. पिटिशनची फी किंवा वकिलाचा खर्च पगारातून कापत असतील तर पे-स्टब (पगाराची चिठ्ठी) जपून ठेवा आणि डब्ल्यूएच-४ फॉर्मवर लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे १२ महिन्यांच्या आत तक्रार करा. नंतर केली तर ते घेत नाहीत.