अंधारात उतरलात कधी? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता:
गेल्या शनिवार-रविवारी आम्ही चौदा जण पुण्यात जमलो होतो. गुहा, भुयारं, बंद पडलेल्या खाणी यांचं वेड असलेली मंडळी. शनिवारी रात्री सदाशिव पेठेत एकाच्या गच्चीवर पिठलं-भाकरी, रविवारी पहिल्या लोकलनं मळवली आणि तिथून भाज्याची लेणी. प्रोजेक्टर आणला होता, पण वायर घरी राहिली. मग नुसत्या गप्पा झाल्या, आणि बरंच झालं.

एक वाद तेवढा रंगला. सह्याद्रीत मोठ्या नैसर्गिक गुहा का नाहीत? पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडक विरघळवत जातं. आपला बेसॉल्ट त्याला दाद देत नाही. म्हणून मेघालयात क्रेम लियात प्राह ही एकच गुहा 30 किलोमीटरच्या वर जाते, आणि आपल्याकडचं पोकळ ते बहुतेक माणसानं कोरलेलं. भाज्याला विजेरी भिंतीशी तिरपी धरा, छिन्नीचे घाव एकेक करून दिसतात.

तर लिहा. थरार नसला तरी चालेल. अट एकच, बंद जागेत कुठून शिरायचं ते सांगू नका. दोर न घेता जाणारी उत्साही पोरं कमी नाहीत.

वाड्यातला:
मी भुयारात गेलो नाही, भुयारच आमच्या घरी आलं होतं. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, जमिनीखालून, दगड-चुन्याच्या नळातून. नळ काही ठिकाणी एवढा उंच की माणूस आत उभा राहील. वाटेत हवेसाठी उच्छ्वास. बाहुलीच्या हौदासारख्या हौदांत ते पाणी यायचं, काही वाड्यांतही. आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात अंगणाच्या कोपऱ्यात हौद होता. आई "कात्रजचं पाणी" आणि "खडकवासल्याचं पाणी" असे दोन हंडे वेगळे ठेवायची.

उन्हाळ्यात दुपारी मी हौदाच्या काठावर पालथा पडून डोकं आत घालायचो. गार, शेवाळाचा वास. आणि कधीकधी ठण्ण असा भांड्याचा आवाज, आमच्या वाड्यात कुणी पाण्याला आलेलं नसताना. आजोबा म्हणायचे, बाजीराव आंघोळ करतायत. मी सातवीपर्यंत विश्वास ठेवला.

बेलमवारी:
आंध्रातली बेलमची गुहा. 3,229 मीटर लांबी, पर्यटकांना त्यातला साधारण निम्मा भाग खुला. बाहेर ऊन, आत त्याहून जीव घेणारा दमटपणा. मेव्हण्यांना घाम पुसताना चष्मा सापडेना, तो डोक्यावर होता. यापलीकडे काही झालं नाही, पण मी तेव्हापासून तीन विजेऱ्यांशिवाय गडावरच्या टाक्यातही वाकत नाही.

कोळशातला:
चंद्रपूरकडे कोळसा खाणीत 31 वर्षं काढून आता कोथरूडला मुलाकडे असतो. गच्चीवर मीही होतो. तरुण मंडळी दिव्यांबद्दल बोलत होती, मला कानांबद्दल सांगायचं होतं.

आम्ही आत गेलो की आधी काठीनं छत ठोकायचो. घट्ट दगड टणटण वाजतो. सुटलेला थर भद्द आवाज करतो, फुटक्या माठासारखा. एका पाळीत माझ्याबरोबरच्या जुन्या कामगारानं ठोकलं, मला टणटण ऐकू आलं, तो म्हणाला, "साहेब, मागं व्हा." मी साहेब, वय 26, वाद घातला. त्यानं माझी काठी हिसकावून दुसरा हात छताला लावला आणि पुन्हा ठोकलं. "हाताला थरथर लागतेय बघा." आम्ही मागे आलो. पुढच्या पाळीआधी तिथला पलंगाएवढा तुकडा खाली पडलेला होता.

म्हणून बंद पडलेल्या खाणीत हौसेनं शिरणाऱ्यांवर मी चिडतो. तिथं रोज छत ठोकणारा कुणी उरलेला नसतो. हवाही खेळती नसते, आणि प्राणवायू कमी झालेला नाकाला कळत नाही.

अर्धाट्रेकर:
माझा अनुभव दीड मिनिटांचा. लेण्याच्या दाराशी पोचलो, वर आग्या मोहोळ, पुढच्यानं अंगावर अत्तर मारलेलं. पळालो. लेणं अजून पाहिलेलं नाही.

निळीछत्री:
@कोळशातला काका, नमस्कार. रविवारी भाज्याला तुम्ही खांब ठोकून बघत होतात, रखवालदार बघतच राहिला!

कोळशातला:
सवय. शिवाय बोटानंच ठोकला. वरच्या लाकडी फासळ्यांना मात्र कुणी हात लावू नये, 2,000 वर्षांपूर्वीच्या आहेत.

पेठकरीण:
@वाड्यातला, तुमचा वाडा बोळाच्या तोंडाशी होता का? आमचा चार घरं पलीकडे, तोच नळ. आमची आजी दुपारी भांडी आवरली की पाण्याला जायची आणि दर वेळी कळशी हौदाच्या कडेला आपटायची. पोचा आलेली ती कळशी आमच्याकडे अजून आहे.