मदत हवी आहे : रात्री आठच्या ओव्हरमध्ये गोष्टी सुटतात, तुम्ही काय वापरता?

नमस्कार. मी नागपुरातल्या ६० खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आरएमओ (वॉर्डात राहून पेशंट बघणारा डॉक्टर) आहे. पाळी सकाळी ८ आणि रात्री ८ला बदलते. प्रश्न ओव्हर देण्या-घेण्याचा आहे, म्हणजे जाणाऱ्या पाळीने येणाऱ्या पाळीला पेशंटची माहिती सोपवण्याचा.

मागच्या महिन्यात गोंदियाकडचे एक काका किडनीच्या त्रासासाठी भरती होते. संध्याकाळी पोटॅशियमचं सॅम्पल गेलं. ओव्हर देताना मला सांगितलं गेलं, "बेड ७ स्टेबल, एक रिपोर्ट यायचाय." मी "बरं" म्हटलं. साडेनऊला लॅबचा फोन आला, सिस्टरने घेतला, रजिस्टरच्या मागच्या पानावर आकडा लिहिला. तेवढ्यात अपघाताचा पेशंट आला आणि सगळे तिकडे धावलो. पहाटे ४ला मॉनिटरवर टी वेव्ह टोकदार दिसल्या (पोटॅशियम वाढल्याची हृदयाच्या आलेखातली खूण), तेव्हा मी रजिस्टर उलटलं. पोटॅशियम ६.८, म्हणजे धोक्याच्या पातळीवर होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, मग तातडीचं डायलिसिस. काका आठवड्याने चालत घरी गेले, पण ते साडेसहा तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. कोणता रिपोर्ट, किती आला तर काय करायचं, कोण बघणार, यातलं एकही त्या ओव्हरमध्ये नव्हतं. आणि मी विचारलंही नाही.

सध्या आमचा ओव्हर तोंडी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. ग्रुपवर केस पेपरचे फोटो, रिपोर्ट, "सर प्लीज सी", सुट्टीचे निरोप, सगळं एकत्र. कामाचा मेसेज तासाभरात वर निघून जातो. शिवाय पेशंटची नावं आणि रिपोर्ट सगळ्यांच्या खासगी मोबाइलवर पडून राहतात. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर तर ही सवय मोडायलाच हवी.

मी गूगल शीट करून पाहिली. पहिले चार दिवस छान चालली. मग लोक कालचीच ओळ खाली ओढून पुढे नेऊ लागले, आणि ऑक्सिजन काढून दोन दिवस झालेल्या पेशंटसमोर "२ लिटरवर" तसंच राहिलं. जुनी माहिती ताजी वाटते, हे तर कोऱ्या कागदापेक्षा वाईट. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलिंग आणि लॅब आहे, पण "राहिलेली कामं" अशी जागाच नाही.

कमी खर्चात काय करता येईल? आणि भरायचं कोणी, आरएमओने की सिस्टरने?

प्रतिसाद : वॉर्ड इन्चार्ज, २२ वर्षं नोकरी

डॉक्टर, आमच्याकडेही असंच चालून राहिलं होतं. माझं म्हणणं, आधी ओव्हर खाटेजवळ न्या. ड्यूटी रूममध्ये बसून दिलेल्या ओव्हरमध्ये सलाईनचा वेग दिसत नाही, कॅथेटरची पिशवी दिसत नाही. टॅब घ्या, पण तो खाटेपाशी घेऊन उभं राहा. आणि लॅबचा फोन जो घेईल त्याने आकडा परत वाचून दाखवायचा, वेळ लिहायची, डॉक्टरचं नाव लिहायचं, आणि त्या डॉक्टरला सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही. तुमच्या सिस्टरला रागावू नका, तिच्या हातात तशी जागाच नव्हती.

प्रतिसाद : मेडिसिन रेसिडेंट

आय-पास (I-PASS) ही ओव्हर देण्याची ठरावीक पद्धत आहे, ती वाचा. आजार किती गंभीर, थोडक्यात पेशंट, करायची कामं, पुढे काय बिघडू शकतं आणि तसं झालं तर काय, आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, अशा पाच पायऱ्या. २०१४मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ९ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांचा अभ्यास आला होता : १०,७४० भरती, वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी आणि टाळता येण्याजोगी हानी ३० टक्क्यांनी. ओव्हरला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहिला. "वेळ कुठे आहे" म्हणणाऱ्या सरांना एवढंच दाखवा. पण त्यात नुसता फॉर्म नव्हता, सगळ्यांना शिकवलं होतं आणि ओव्हर देताना कोणीतरी उभं राहून पाहत होतं. तुमची शीट तिथेच पडली असावी.

प्रतिसाद : हॉस्पिटलच्या आयटीत काम

शीटमध्ये "आत्ताची स्थिती" हा रकाना दर पाळीला आपोआप कोरा होऊ द्या. पुढे नेता आला नाही की ओढणं थांबेल. राहिलेली कामं मात्र कोणी "झालं" करेपर्यंत पुसली जाऊ नयेत. नावाऐवजी आयपी नंबर (भरतीचा नंबर) आणि बेड नंबर दोन्ही टाका. एकटा बेड नंबर नको, पेशंट हलतात. हॉस्पिटलचा टॅब, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. नेट गेलं तर हाताशी असावी म्हणून ८ला एक प्रिंट काढा.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. इन्चार्ज सिस्टर, तुमचा प्रतिसाद आमच्या सिस्टरला वाचून दाखवला. ती त्या रात्रीपासून गप्प होती, आज बोलली.

सोमवारपासून फक्त एचडीयूच्या (आयसीयूच्या खालोखाल लक्ष लागणाऱ्या पेशंटच्या विभागाच्या) ८ खाटांवर सुरू करतोय. स्थितीचा रकाना कोरा होणार, यायच्या रिपोर्टसमोर "कोण बघणार" आणि "किती आला तर काय" भरल्याशिवाय ओळ सेव्ह होणार नाही. वैद्यकीय भाग आरएमओ भरेल, ड्रेन-सलाईन-औषधं सिस्टर, आणि दोघं खाटेजवळ उभे.

एक अडचण उरलीच. आमचे कन्सल्टंट रात्री १०ला राउंडला येतात आणि तोंडी ऑर्डर बदलून जातात, म्हणजे ओव्हर झाल्यावर दोन तासांनी. हे बदल शीटवर कसे आणता? कोणाकडे सर स्वतः टॅबवर लिहितात का, आणि त्यांना तयार कसं केलंत?