कारलं पिळायचं की नाही?

मीठ लावून पिळलं की कारल्यातलं सगळं सत्त्व जातं, असं काहीजण म्हणतात. सगळं नाही जात. क जीवनसत्त्व थोडंफार पाण्याबरोबर जातं, तंतू तसेच राहतात. पण कारलं कोवळं असेल तर पिळायचंच कशाला? आमच्या जळगावकडे मी गर्द हिरवी, लहान कारली घेते आणि पातळ चकत्या करते. बी जून असेल तरच काढायचं. लोखंडी तव्यावर शेंगदाण्याच्या तेलात जिरं, ठेचलेला लसूण, मग चकत्या. झाकण अजिबात नको, वाफेने त्या मऊ पडतात. कडा तांबूस होऊन उलथन्याखाली कुरकुरायला लागल्या की मगच मीठ, काळा मसाला आणि दाण्याचा जाडसर कूट. आधी घातला तर कूट करपतो. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीबरोबर ही भाजी मला भरल्या कारल्याहून आवडते. गूळ घालत नाही, कडूपणा राहू द्यावा.

एक मात्र कळकळीने सांगते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपाशीपोटी कारल्याचा रस मनाने सुरू करू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. भाजी खुशाल खा, रसाचं डॉक्टरांना विचारा, गोळी परस्पर बंद करू नका. गरोदर बायकांनी तर रस टाळावाच.