नवी एम२: दिसते कशी, चालते कशी? (अनुभव धागा)

मंडळी, बीएमडब्ल्यूची जी८७ पिढीची एम२ ऑक्टोबर २०२२ मध्ये समोर आली तेव्हा नुसते फोटो बघून तिच्यावर भरपूर तोंडसुख घेऊन झालं. चौकोनी बंपर, आडव्या पट्ट्यांची जाळी, कुणी तर विटेला चाकं लावली म्हणालं. आता गाडी रस्त्यावर आहे, २०२४ मध्ये तिची ताकद ४६० वरून ४८० पीएसवर (म्हणजे अश्वशक्तीवर) गेली, पाठोपाठ तिची हलकी, जास्त ताकदीची सीएस आवृत्तीसुद्धा आली. म्हणजे फोटोवरची मतं पुरे झाली. ज्यांनी जवळून पाहिली, आत बसले, चालवली, त्यांनी लिहा. सुरुवातीच्या ४६० पीएसच्या गाडीचं शून्य ते शंभर किमी मॅन्युअलला ४.३ सेकंद आणि ऑटोमॅटिकला ४.१, हे सगळ्यांना पाठ आहे, तेवढं सोडून लिहा.

सुरुवात मीच करतो. या गाडीचा फोटो नेहमी समोरून काढतात आणि तिथेच घोळ होतो. ती बघायची मागच्या चाकाशी तिरकं उभं राहून. रुंदी १,८८७ मिलिमीटर, म्हणजे थेट मोठ्या एम४ एवढी, आणि लांबी मात्र एम४ पेक्षा एकवीस सेंटिमीटरने कमी. पुढचे-मागचे अॅक्सलही एम४ घराण्यातलेच. एवढे रुंद अवयव आखूड गाडीखाली बसवायचे तर मडगार्ड फुगणारच. दारामागचा पत्रा चाकाकडे जाताना असा काही बाहेर येतो की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. मागच्या बंपरच्या दोन टोकांना उभे रिफ्लेक्टर आहेत, त्यामुळे नजर कडेला खेचली जाते आणि गाडी आहे त्याहून रुंद वाटते. पुढे हेडलाइटमध्ये दोनाऐवजी एकच मोठा दिवा आहे, तो बीएमडब्ल्यूच्याच ‘२००२’ नावाच्या जुन्या मॉडेलची आठवण म्हणून. हे सगळं मला पटतं. खालच्या बंपरची ती तीन चौकोनी भोकं मात्र नाही पटत. हवा लागते हे मान्य, पण हवेला चौकोनच लागतो असं कुठे आहे?

सरळसहा:
धागा छान. माझ्याकडे आधीची एम२ कॉम्पिटिशन आहे आणि नवी मित्राची मनसोक्त चालवली आहे, त्यामुळे मला दिसण्यापेक्षा वजनावर बोलायचंय. जुनी मॅन्युअल १,५५० किलो, नवी मॅन्युअल १,७०० किलो. दीडशे किलो म्हणजे मागच्या सीटवर दोन धट्टेकट्टे पाहुणे कायमचे बसवून फिरण्यासारखं. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही, कारण नवीचं एस५८ इंजिन काहीही ओढून नेईल. जाणवतं ते डावं वळण संपून लगेच उजवं सुरू होतं तिथे. जुनी गाडी तुमच्या मनगटाबरोबर वळते. नवी आधी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होते, मग वळते. क्षणभराचाच फरक, पण ज्याने जुनी चालवली आहे त्याला तो कळतोच.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. वळणाच्या मधोमध रस्ता खराब असेल तर जुनीचं मागचं टोक उडतं आणि आपल्याला घाम फुटतो. नवी तिथे ढिम्म. पुढे २७५ मिलिमीटर रुंद टायर, चाकांमधलं अंतरही वाढलंय, त्यामुळे पुढचं टोक जिथे सांगाल तिथे जातं. वेगाचाच हिशेब मांडला तर नवी जिंकते: २०२३ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग ट्रॅकवर एक फेरी ७ मिनिटं ३८.७ सेकंदांत. तरीही मी जुनी विकणार नाही. तिला हाताने ओढायचा हँडब्रेक आहे, नवीला बटण. आता यावर हसा खुशाल.

हळूचालक:
रंग झांडफोर्ट ब्लू. बाकी कुठलाच घेऊ नका. त्यात चमक नाही, सपाट फिका निळा आहे, म्हणूनच पत्र्याच्या कडा उठून दिसतात. काळ्या रंगात ती सगळी घडण गडप होते आणि उरतात ती फक्त भोकं.

तिसरापेडल:
हेडलाइट, जाळी, रंग, सगळं ठीक. मुद्दा हा की आज सहा सिलिंडर एका रांगेत, ताकद फक्त मागच्या चाकांना आणि सहा गिअरचा दांडा हातात, हे तिन्ही एका नव्या गाडीत मिळणं किती दुर्मिळ झालंय. मी मॅन्युअलवाला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दांडा कसा आहे? खरं सांगायचं तर थोडा रबरी. जपानी गाड्यांमध्ये तो खट्कन बसतो तसा इथे बसत नाही, प्रवासही जरा लांब आहे. पण दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना त्याला घाई न करता नुसतं सोडून दिलं की तो आपणहून मधल्या रांगेत येतो आणि पुढे सरकतो. खाली उतरताना गाडी स्वतः रेस देऊन आरपीएम जुळवते. ते बंद करता येतं, आणि ज्यांना टाच-चवड्याचा खेळ (एकाच पायाने ब्रेक दाबता दाबता रेस देणं) जमतो त्यांनी बंदच करावं. २०२४ च्या बदलात टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) ६०० न्यूटन-मीटर झाला तो फक्त ऑटोमॅटिकला, मॅन्युअल ५५० वरच राहिली. मला त्याचं काही दुःख नाही. मागची चाकं ५५० मध्येच पुरेशी भांडतात.

एक मात्र नक्की बघून घ्या. कार्बनच्या बकेट सीटवर दोन मांड्यांच्या मध्ये कार्बनचाच एक कडक उंचवटा आहे. ट्रॅकवर पट्टे आवळून बसलं की बरा वाटतो. रहदारीत क्लच दाबताना डावी मांडी दर वेळी त्यावर घासते. दिसायला ती सीट अप्रतिम आहे, शोरूममध्ये प्रत्येक जण तिच्यावरच भाळतो. मॅन्युअल घेणाऱ्याने साधी सीट घ्यावी. दोन्ही सीटवर बसून, क्लच बऱ्याचदा दाबून बघा, मग ठरवा.

बटणप्रेमी:
आतल्या वक्र स्क्रीनबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? १२.३ इंच चालकासमोर आणि १४.९ इंच मध्ये, एकाच काचेखाली. रात्री दिसतं झकास. पण एसीचा पंखा कमी करायला स्क्रीनवर बोट नाचवायचं, हे ४६० पीएसच्या गाडीत कुणाला सुचलं? नजर रस्त्यावर हवी असेल अशी हीच तर गाडी.

याच्या उलट, स्टीअरिंगवरची एम१ आणि एम२ ही दोन लाल बटणं म्हणजे या गाडीतली सगळ्यात कामाची वस्तू. आपल्याला हवी ती जुळणी त्यात साठवून ठेवायची. माझी एम१ अशी: इंजिन सगळ्यात तिखट, सस्पेन्शन कम्फर्टवर, स्टीअरिंगही कम्फर्टवर. स्टीअरिंग स्पोर्टवर टाकलं की नुसतं जड होतं, जास्त काही सांगत नाही. चाकं घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलच्या दहा पायऱ्या आहेत. ओल्या ट्रॅकवर एकेक पायरी खाली उतरत गेलं की मागचं टोक कुठे सुटायला लागतं ते नीट समजतं. ड्रिफ्टला (गाडी मुद्दाम आडवी घसरवण्याला) तारे देणारा प्रकारही आहे, तो पोरखेळ. (मी वापरतो.)

धागाकर्ता:
बटणप्रेमी, पंख्याच्या बाबतीत हजार वेळा सहमत. तिसरापेडल, सीटचं लिहिलंत ते फार बरं केलंत, फोटोत हे कधीच कळलं नसतं.

मधोमध_इंजिन:
मी जरा विरुद्ध सूर लावतो. एम२ आणि पोर्शची ७१८ केमन जीटीएस ४.० पाठोपाठ चालवल्या. केमनला टर्बो नाही, चार लिटरचं इंजिन, ४०० पीएस, आणि वजन साधारण १,४०५ किलो. त्यात बसलं की कूल्हे जमिनीला टेकल्यासारखे वाटतात आणि स्टीअरिंगमधून रस्त्याची खडी मोजता येते. एम२ मध्ये आपण गाडीच्या वर बसतो, आणि आवाजातला बराचसा भाग स्पीकरमधून येतो. तो बंद करून ऐका म्हणजे कळेल. एम२ वेगवान आहे, ताकद तर विचारू नका, पण ती मोठ्या गाडीची आखूड आवृत्ती आहे. धागाकर्ते ज्या रुंदीचं कौतुक करतायत तीच अरुंद घाटात अंगावर येते. समोरून वाहन आलं की आपोआप श्वास आत ओढला जातो.

मागचीसीट:
केमनमध्ये मुलं कुठे बसवता? एम२ मध्ये मागे दोन सीट आहेत, मोठ्यांना तासभर जमतात, लहानांना दिवसभर. डिकी ३९० लिटरची, सीट पाडली की चार टायर घेऊन ट्रॅकवर जाता येतं. पुढचे ब्रेक सहा पिस्टनचे, डिस्क ३८० मिलिमीटरच्या, दमत नाहीत. चुकलंय ते पेट्रोलच्या टाकीत: फक्त ५२ लिटर. ट्रॅकवर हे इंजिन पेट्रोल पीत नाही, ढोसतं. गाडी अजून ताजीतवानी असते आणि आपण पंपावर रांगेत.

सरळसहा:
मधोमध_इंजिन, खडीचं अगदी बरोबर. मागचीसीट, टाकीचंही.

कुणी सीएस चालवली आहे का? ५३० पीएस, वजन तीसेक किलोने कमी आणि डिकीच्या झाकणातूनच वर उचललेली शेपटी, म्हणजे वेगळा स्पॉयलर चिकटवल्यासारखी दिसत नाही. माझ्या मते साध्या गाडीलाही पहिल्या दिवसापासून हीच शेपटी द्यायला हवी होती. मागून उतरणारी रेघ त्याशिवाय अर्धवट तुटल्यासारखी वाटते.

तिसरापेडल:
सीएस फक्त ऑटोमॅटिक आहे हो. शेपटी तेवढी काढून द्या म्हणावं, बाकी गाडी तुम्हीच ठेवा.